शोधनिबंधांचा सातबारा: देशांची मोजणी नेमकी होते कशी?

दुपारी तीनच्या सुमारास प्राचार्य सर ग्रंथालयात आले. दुसऱ्या दिवशी एका चर्चासत्राचं उद्घाटन त्यांच्या हस्ते होतं. "मॅडम, भारतातून वर्षाला किती रिसर्च पेपर निघतात तेवढा आकडा काढून द्या. आणि जगात आपला नंबर कितवा, तेही."

"सर, कोणत्या मोजणीनं काढू?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू किलोभर साखर मागितल्यावर वाण्यानं 'कोणता किलो?' असं विचारलं.

पण प्रश्न आगाऊपणाचा नव्हता. त्याच खुर्चीत बसून, त्याच वर्षाचे भारताचे तीन-चार वेगवेगळे आकडे मी अर्ध्या तासात काढू शकते. सगळे खरे, आणि एकमेकांत हजारोंचं अंतर. पेपरात 'संशोधनात भारत जगात तिसरा' असा मथळा येतो, तेव्हा त्यामागे कोणीतरी त्यातला एक उचललेला असतो.

तो मथळ्यातला आकडा बहुतेक वेळा अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अहवालातून आलेला असतो. २०२२ साली जगात सुमारे ३३ लाख पेपर निघाले असं तो अहवाल सांगतो. त्यात चीनचे सुमारे ९ लाख, अमेरिकेचे ४ लाख ५७ हजार आणि भारताचे २ लाख ७ हजार. त्यानंतर जर्मनी, ब्रिटन आणि जपान, तिघंही लाखाच्या जरासे वर. म्हणजे आपण तिसरे, आणि चौथ्याच्या जवळजवळ दुप्पट. ऐकायला छान वाटतं. आता ही मोजदाद झाली कशी ते बघू.

मुळात अशी कुठलीही जनगणना होत नाही. 'यंदा तुमच्याकडे किती पेपर झाले हो?' असं विचारत कोणी देशोदेशी फिरत नाही. सगळे जण एखादा संदर्भसूचीचा डेटाबेस उघडतात. त्यात प्रत्येक पेपरचं शीर्षक, लेखक, त्यांचे पत्ते, जर्नलचं नाव, वर्ष आणि शेवटी दिलेले संदर्भ यांची नोंद असते. पत्त्यात 'इंडिया' लिहिलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या की झाला भारताचा आकडा. काम इतकं सोपं वाटतं की त्यातल्या खाचाखोचा कोणाला दिसतच नाहीत.

या सगळ्याचा मूळपुरुष अमेरिकन माहितीशास्त्रज्ञ युजीन गार्फिल्ड. अमेरिकेतल्या वकिलांकडे 'शेपर्ड्‌स सायटेशन्स' नावाची सूची असायची. जुना एखादा निकाल पुढे कोणकोणत्या खटल्यांत उद्धृत झाला, तो अजून टिकून आहे की फिरवला गेला, हे त्यावरून कळायचं. हेच विज्ञानात का करू नये, असं गार्फिल्डच्या मनात आलं. एखादा पेपर पुढे कोणी कोणी वापरला, ते सापडलं पाहिजे. १९५५ साली त्यानं ही कल्पना लेख लिहून मांडली आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' छापून आणला. (सुरुवातीच्या काळात त्याचा उद्योग न्यू जर्सीतल्या कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात चालायचा. आमच्या ग्रंथालयाच्या जागेबद्दल कोणी तक्रार केली की मी हे सांगते.) त्या पहिल्या सूचीत किती जर्नलं होती? ६१३. साऱ्या जगाच्या विज्ञानातली ६१३.

लक्षात घ्या, हे साधन शोधण्यासाठी होतं. देशांची स्पर्धा लावण्यासाठी नव्हे. पण एकदा नोंदी हाताशी आल्या की मोजण्याचा मोह कोणाला आवरतो? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच अमेरिकेच्या सरकारी अहवालात याच सूचीवरून देशांची तुलना होऊ लागली. गार्फिल्डची ती सूची आज 'वेब ऑफ सायन्स' म्हणून चालते, तिची मालकी क्लॅरिव्हेट या कंपनीकडे आहे. २००४ साली एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीनं 'स्कोपस' बाजारात आणलं. त्याच वर्षी गूगल स्कॉलरही आलं, पण देशवार मोजणीला ते निरुपयोगी, कारण लेखकांचे पत्ते त्यात नीट मिळतच नाहीत. या दोन मोठ्या डेटाबेसांची वर्गणी भरमसाट. आमच्यासारख्या कॉलेजला ती परवडायची म्हणजे कोणाच्या तरी आश्रयानंच.

चाळणीला किती भोकं?

दोन्ही डेटाबेस सगळी जर्नलं घेत नाहीत. निवडून घेतात. म्हणजे देशाचा आकडा आपण मोजतो तो चाळणीतून खाली पडलेल्या दाण्यांचा. चाळणी बदलली की आकडा बदलतो, शेतात काही का पिकेना.

याचं आपल्या घरचंच उदाहरण आहे. सायन्स सायटेशन इंडेक्सप्रमाणे १९८० साली भारताचे पेपर सुमारे १५ हजार होते. २००० साली ते सुमारे १२ हजारांवर आले. त्याच वीस वर्षांत चीन हजाराच्या आतून २२ हजारांच्या वर गेला. सुब्बय्या अरुणाचलम यांनी २००२ साली 'करंट सायन्स'मध्ये हे आकडे मांडून भारतीय विज्ञानाला उतरती कळा लागली आहे का, असा थेट प्रश्न विचारला. बरीच खळबळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण दुसरीही एक गोष्ट होती. त्याच काळात त्या सूचीतली भारतीय जर्नलांची संख्याही कमी झाली होती. आपल्या शास्त्रज्ञांचे कितीतरी पेपर आपल्याच जर्नलांत छापले जायचे. जर्नल सूचीतून गेलं की त्यातले सगळे पेपर मोजणीतून गेले, ते लिहिणारा शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत तसाच काम करत असला तरी. मग घसरण खरी किती आणि चाळणीची किती? माझं मत विचाराल तर दोन्ही होतं. पण त्यातला चाळणीचा वाटा त्या वेळच्या अग्रलेखांत फारसा कोणी धरला नाही.

ब्राझीलचं उलटं झालं. २००७ साली वेब ऑफ सायन्समध्ये त्यांचे १९ हजारांच्या आसपास पेपर होते, २००८ साली ते एकदम ३० हजारांवर गेले. एका वर्षात निम्म्याहून जास्त वाढ! तिथल्या मंत्र्यांनी आनंद साजरा केला. प्रत्यक्षात त्याच सुमारास वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या कंपनीनं वेगवेगळ्या प्रदेशांतली शेकडो स्थानिक जर्नलं एका फटक्यात यादीत घेतली होती, त्यात ब्राझीलची बरीच होती. पेपर आधीही निघतच होते. फक्त दिसत नव्हते.

जे आत येतं ते बाहेरही जाऊ शकतं. मार्च २०२३ मध्ये वेब ऑफ सायन्सनं पन्नासेक जर्नलं काढून टाकली. त्यात पर्यावरण आणि सार्वजनिक आरोग्यावरचं एक इतकं मोठं जर्नल होतं की आदल्या वर्षी त्यात दहा हजारांहून जास्त पेपर छापले गेले होते. ज्या देशांचे प्राध्यापक तिथे धडाधड छापत होते, त्यांच्या पुढच्या आकड्यांवर याची सावली पडणारच.

आता आपल्या भाषेकडे येऊ. स्कोपसमध्ये जर्नल घ्यायचं तर काही किमान अटी असतात. तज्ज्ञांकडून तपासणी, वेळेवर प्रकाशन वगैरे ठीकच. पण शीर्षक आणि सारांश इंग्रजीत हवा, आणि संदर्भ रोमन लिपीत हवेत, हीसुद्धा अट आहे. मोडीतली कागदपत्रं आणि मराठी बखरी यांवर उभा असलेला, तळटिपा देवनागरीत दिलेला इतिहासाचा निबंध दारातच अडकतो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१०ची. तिथल्या त्रैमासिकात छापून आलेला एखादा अस्सल कागद पुढच्या तीन पिढ्यांच्या इतिहासलेखनाला पुरतो. देशांच्या मोजणीत त्याची किंमत शून्य. हे फक्त मराठीचं दुखणं नाही. लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी तर आपल्या जर्नलांसाठी 'सायेलो' नावाची स्वतःची सूचीच १९९०च्या दशकाच्या अखेरीस उभी केली. भौतिकशास्त्र बहुतेक सगळं इंग्रजीत आणि जर्नलांत छापलं जातं, म्हणून ते चाळणीत बरोबर पडतं. इतिहास, कायदा, साहित्य हे पुस्तकांत आणि आपापल्या भाषेत लिहिलं जातं. म्हणून देशांच्या तुलनेत 'विज्ञान' म्हणजे बहुतेकदा प्रयोगशाळेतलं विज्ञान असतं, हे गृहीत धरूनच वाचावं.

आणखी एक बारीकशी गोष्ट, पण भारताच्या बाबतीत ती बारीक राहत नाही: परिषदांतले पेपर. संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकीत परिषदेच्या इतिवृत्तात छापायची पद्धत आहे, आणि आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयं किती आहेत हे मी सांगायला नको. परिषदांचे पेपर धरले तर भारताचा आकडा फुगतो, सोडले तर बसतो. नॅशनल सायन्स फाउंडेशन ते धरतं. आधार स्कोपसचा घेतं, पण हलक्या दर्जाची जर्नलं वगळून.

कोणाच्या नावावर किती?

कोकणातला एखादा सातबारा काढून पाहा. वीस गुंठ्यांच्या तुकड्यावर सतरा नावं. आजोबांचे मुलगे, त्यांची मुलं, मुंबईला गेलेल्या काकांची बायको, लग्न होऊन गेलेल्या आत्या. आता प्रत्येकाला विचारलं, 'तुमच्या नावावर जमीन किती?' आणि प्रत्येकानं 'वीस गुंठे' असं सांगितलं, तर खोटं कोणीच बोललेलं नाही. पण बेरीज तीनशे चाळीस गुंठे! गावात एवढी जमीनच नाही.

पेपरांचं अगदी असंच असतं. समजा, अरबी समुद्राच्या पाण्यावर एक पेपर झाला. दोन लेखक गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले, एक जर्मनीतला, एक अमेरिकेतली. पेपर कोणाचा?

पहिली रीत पूर्ण मोजणीची. भारताला १, जर्मनीला १, अमेरिकेला १. एका पेपरचे तीन झाले. दुसरी रीत वाटून मोजण्याची, आपल्या जुन्या भाषेत आणेवारी. चार लेखक, भारताचे दोन: भारताला आठ आणे, उरलेल्या दोघांना चार-चार आणे. बेरीज रुपयाला रुपया. तिसरी रीत म्हणजे माणसं न मोजता देशांत सारखी वाटणी: प्रत्येकी पाच आणे चार पै. आणि काही जण कुटुंबाच्या कर्त्यासारखं फक्त मुख्य लेखकाच्या देशाला सगळं देऊन मोकळे होतात.

चारही रीती प्रामाणिक आहेत. फक्त त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. 'किती पेपरांत भारताचा हात होता?' असं विचारायचं असेल तर पूर्ण मोजणी बरोबर. 'जगाच्या संशोधनात भारताचा वाटा किती?' असं विचारायचं असेल तर आणेवारीच हवी, कारण वाट्यांची बेरीज शंभर टक्के भरली पाहिजे. वर दिलेला २ लाख ७ हजारांचा आकडा आणेवारीचा आहे. तो पूर्ण मोजणीच्या दुसऱ्या कुठल्या तरी आकड्याशेजारी ठेवून 'एका वर्षात केवढी वाढ!' म्हणणारे भाषणकार मी ऐकले आहेत.

हा फरक कुठवर जाऊ शकतो ते पाहायचं तर २०१५ सालचा हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा पेपर बघा. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी मिळून तो लिहिला. लेखक ५,१५४. पेपर ३३ पानांचा, त्यातलं विज्ञान ९ पानांत उरकलं. उरलेली २४ पानं नुसती नावं आणि पत्ते! सीएमएसमध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, म्हणून पूर्ण मोजणीत भारताला अख्खा पेपर. ज्या देशाचे दोनच लेखक असतील त्यालाही अख्खा पेपर. आणेवारी केली तर त्या देशाच्या वाट्याला दहा हजारांत चार भागसुद्धा येत नाहीत. असले पेपर पुढे हजारो वेळा उद्धृत होतात. त्यामुळे 'दर पेपरमागे सरासरी उद्धरणं' अशी यादी लावली की कधीकधी वर अगदी चिमुकली बेटं दिसतात. तिथे कोणी गुपचूप वैज्ञानिक क्रांती केलेली नसते. थोडेच पेपर, आणि त्यातल्या एक-दोघांत मोठ्यांच्या पंगतीत पान मिळालेलं.

जे देश शेजाऱ्यांशी भरपूर मिळून काम करतात, त्यांना पूर्ण मोजणी मानवते. युरोपातले छोटे देश त्यातलेच. चीनचे बरेच पेपर घरच्या घरी होतात, त्यामुळे आणेवारीत त्याचं फारसं काही गळत नाही. चीननं अमेरिकेला पेपरांच्या संख्येत २०१६ साली मागे टाकलं असं म्हणतात, सुमारे ४ लाख २६ हजार विरुद्ध ४ लाख ९ हजार. हेही नॅशनल सायन्स फाउंडेशनच्याच मोजणीतलं. डेटाबेस आणि रीत बदला, ओलांडण्याचं वर्ष मागेपुढे सरकतं.

पत्त्यांची भानगड

आता जरा माझ्या टेबलावरची गंमत. नवीन मुलं 'इंडिया' हा शब्द पुढे तारांकन लावून शोधतात, आणि 'इंडियाना' राज्यातली अमेरिकन विद्यापीठं भारताच्या खात्यात येऊन बसतात. 'जॉर्जिया' हा देश आहे आणि अमेरिकेचं एक राज्यही. 'मेक्सिको' शोधला की 'न्यू मेक्सिको' येतं. देशाचा रकाना वेगळा असतो, तो वापरला की हे टळतं. पण वेब ऑफ सायन्समध्ये त्या रकान्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड वेगळे असतात. चौघांना एकत्र न करता कोणी 'आपण इंग्रजांना मागे टाकलं' म्हणालं, तर ते इंग्रज शब्दशः इंग्रजच असतात. हाँगकाँगला चीनमध्ये धरायचं की वेगळं, हेही यादी करणारे आपापलं ठरवतात.

संस्थांच्या पातळीवर तर विचारू नका. एकच विद्यापीठ कधी 'पूना', कधी 'पुणे', २०१४ नंतर 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ', आणि लेखकाला घाई असली तर नुसतं 'एस. पी. पुणे युनि.' लेखकांत 'पाटील एस.' किती असतील याचा हिशेब देव ठेवो. त्यावर उतारा म्हणून २०१२ साली 'ऑर्किड' हा सोळा अंकी क्रमांक आला. आधारसारखाच, पण संशोधकांचा. आमचे निम्मे प्राध्यापक तो काढतात आणि विसरतात.

आणि पत्ता म्हणजे माणसाचं मूळ गाव नव्हे. कोल्हापूरहून बोस्टनला गेलेली मुलगी तिथे पेपर लिहिते, तो अमेरिकेचा. कोणाचं रक्त कुठलं, हे डेटाबेसला कळत नाही आणि कळायचं कारणही नाही. पगार, प्रयोगशाळा, यंत्रं कुठली, एवढंच पत्ता सांगतो. निदान सांगायला हवा. २०११ साली 'सायन्स' साप्ताहिकात आलेल्या बातमीनुसार जेद्दाहचं एक विद्यापीठ जगातल्या भरपूर उद्धृत होणाऱ्या शास्त्रज्ञांना वर्षाला ७२ हजार डॉलर देऊ करत होतं. त्यांनी थोडे दिवस यायचं, आणि आपल्या नावापुढे या विद्यापीठाचाही पत्ता लावायचा. प्रयोगशाळा युरोप-अमेरिकेत, पत्ता वाळवंटात. आकडा मात्र वाढला.

संख्या मोठी, मग दर्जाचं काय?

आधी साधा भागाकार. २०२२चेच आकडे लोकसंख्येनं भागले तर दर लाख माणसांमागे भारताचे १५ पेपर, चीनचे ६४, अमेरिकेचे १३७ आणि ब्रिटनचे १५०च्या वर. तिसरा नंबर इथे कुठच्या कुठे जातो. पण दुसरा भागाकार खर्चाचा आहे. भारत आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के संशोधनावर घालतो, चीन दोन टक्क्यांहून जास्त, अमेरिका तीनहून जास्त. एवढ्याशा पैशात २ लाख पेपर म्हणजे कौतुकच म्हणायचं, किंवा मग पेपर इतके स्वस्त कसे पडतात याची चौकशी करायची. दोन्ही वाचनं शक्य आहेत. भाषण कोणाचं आहे त्यावर ते ठरतं.

दर्जा जोखायला उद्धरणं मोजतात, म्हणजे हा पेपर पुढे कितीजणांनी वापरला. इथे सरळ तुलना चालत नाही. पेशीजीवशास्त्रात एका पेपरखाली साठ-सत्तर संदर्भ असतात, गणितात पंधरा-वीसांत भागतं. साहजिकच गणितज्ञाच्या वाट्याला उद्धरणं कमी येतात, तो कितीही मोठा असला तरी. म्हणून प्रत्येक पेपर त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या पेपरांशी ताडून पाहतात आणि सर्वाधिक उद्धृत १० टक्क्यांत किंवा १ टक्क्यात कोणत्या देशाचे किती ते मोजतात. माझ्या मते नुसत्या सरासरीपेक्षा ही रीत कितीतरी बरी.

जपानची निस्टेप ही सरकारी संस्था दरवर्षी हे काम करते. तिच्या २०२२च्या अहवालात चीननं सर्वोच्च १ टक्क्यातही अमेरिकेला मागे टाकलं, २७.२ टक्के विरुद्ध २४.९. पुढच्याच वर्षीच्या अहवालात खुद्द जपान सर्वोच्च १० टक्क्यांच्या यादीत तेराव्या क्रमांकावर घसरलेला निघाला, इराणच्याही खाली. स्वतःची घसरण अशी दरवर्षी छापणारी सरकारी संस्था मला फार आवडते.

अर्थात उद्धरणांनाही पाय फुटतात. इटलीत २०१० नंतर प्राध्यापकांच्या बढत्या उद्धरणांच्या आकड्यांशी जोडल्या गेल्या. त्यानंतर इटालियन संशोधक एकमेकांना जास्त उद्धृत करू लागले, इतर देशांपेक्षा ठळकपणे जास्त. २०१९ साली तिथल्याच तीन अभ्यासकांनी हे दाखवून दिलं. 'अहो रूपम् अहो ध्वनिः' सरकारी नियमानं लागू झालं. मोठ्या देशांना तर घरबसल्या वाचकही जास्त, म्हणजे घरचीच उद्धरणंही जास्त.

पेपरांवर पैसे लावले की काय होतं, हे चीननं सगळ्यांच्या आधी पाहिलं. २०१६च्या सुमाराला 'नेचर' किंवा 'सायन्स'मध्ये पेपर आला तर चिनी विद्यापीठं लेखकाला सरासरी ४४ हजार डॉलरच्या घरात बक्षीस देत होती. २०२० साली सरकारनंच ते थांबवा म्हणून फर्मान काढलं. आपल्याकडे बक्षीस नव्हतं, सक्ती होती: पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे. विद्यार्थी हजारो, वेळ थोडा. जर्नलं निघाली, पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतही ती घुसली. २०१८ साली पुण्यातल्या अभ्यासकांनी त्या यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांचा नमुना तपासला, तर ८८ टक्क्यांहून जास्त निकषांत बसत नव्हती. आयोगानं ४,३०५ जर्नलं काढली. मग मान्य जर्नलांची नवी 'केअर' यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. पेपरची सक्ती २०२२च्या नियमांत गेली, केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. या सगळ्या चढउतारांचे ओघळ देशाच्या आकड्यांत उतरलेले असतात, पण आलेखावरची रेघ कारण सांगत नाही.

२०२३ साली जगभरात दहा हजारांहून जास्त पेपर मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांहून जास्त एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे. मागे घेतलेला पेपर डेटाबेसातून पुसला जात नाही, त्यावर शिक्का बसतो. वर पेपर मागे घेतल्याच्या सूचनेचीसुद्धा वेगळी नोंद होते. गाळणी न लावता मोजलं तर एका नापास पेपरच्या दोन नोंदी पदरात पडतात!

हल्ली एक बरी गोष्ट घडते आहे. २०२२च्या सुरुवातीला 'ओपनअ‍ॅलेक्स' नावाचा डेटाबेस आला. प्राचीन अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयावरून नाव, आणि फुकट. पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठानं तर २०२४पासून वेब ऑफ सायन्सची वर्गणी बंद करून तिकडे मोर्चा वळवला. त्याची चाळणी फार मोठ्या भोकांची आहे, खडेही खाली येतात. पण इंग्रजीबाहेरची जर्नलं तिथे जास्त दिसतात, आणि आकडा कसा काढला ते कोणालाही घरी बसून पडताळता येतं. वर्गणी नसलेल्या ग्रंथपालाला यापरतं काय हवं?

सरांना मी एका कागदावर तीन आकडे लिहून दिले. प्रत्येकाखाली एक ओळ: डेटाबेस कुठला, पूर्ण मोजणी की वाटून, परिषदा धरून की सोडून. दुसऱ्या दिवशी सभागृहात मागच्या रांगेत जाऊन बसले. सरांनी तिघांतला सर्वांत मोठा आकडा खणखणीत आवाजात वाचला. खालची ओळ गाळली. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी भौतिकशास्त्राच्या एक तरुण बाई कप घेऊन माझ्याजवळ आल्या. "मॅडम, सरांनी वाचला तो पूर्ण मोजणीचा होता ना?"

मी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.